हा नंबर कुणाचा? जुन्नरच्या मुलांनी एआयच्या मदतीने बांधलेल्या वेबसाइटचं प्रकरण

जुन्नरला राज्य सरकारने २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शिवनेरी, लेण्याद्रीचा गिरिजात्मज, ओझरचा विघ्नेश्वर, नाणेघाट, खोडदची रेडिओ दुर्बीण, माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र, नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या, हे सगळं एकाच तालुक्यात आहे. पण इंटरनेटवर जुन्नर शोधलं की बाहेरून एका दिवसासाठी आलेल्या माणसांनी लिहिलेली पानंच आधी समोर येतात. इथल्या मुलांनी आपल्या तालुक्याबद्दल स्वतः मराठीत लिहावं आणि ते जगासमोर ठेवायला वेबसाइट बांधायला शिकावं, यासाठी आम्ही काही जणांनी रविवारचा वर्ग सुरू केला. मी पोटापाण्यासाठी वेबसाइटच बांधते, त्यामुळे शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. वर्गात आठवी ते अकरावीची मुलं होती. शेतकऱ्यांची, दुकानदारांची, दोघंतिघं शिक्षकांची.

एआय वापरू द्यायचं की नाही, असा प्रश्न आमच्यापुढे नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हा यातली बरीचशी मुलं प्राथमिक शाळेत होती. निबंध, गृहपाठ, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं विचारायची सवय त्यांना आधीच लागलेली होती. ठरवायचं होतं ते एवढंच, की एआय कधी हातात द्यायचं, कोणत्या कामाला द्यायचं आणि पानावर जे छापून येईल त्याचा जबाब कोणी द्यायचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच रविवारी फळ्यावर लिहिलं: ज्याचं पान, त्याचा जबाब. पुढे जे घडलं ते सगळं या एका ओळीभोवती घडलं.

सुरुवातीची तयारी थोडक्यात सांगते. संगणक मोजके आणि जुने होते, एकावर दोघं बसायची. एआयची खाती मुलांच्या नावाने उघडली नाहीत. अशा बहुतेक सेवांच्या अटींत तेरा वर्षांची मर्यादा असते आणि अठराच्या आतल्यांना पालकांची परवानगी लागते. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालची व्यक्ती मूलच धरली आहे. म्हणून एकच खातं, ते माझ्या लॅपटॉपवर, आणि पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं. विचारायचा मजकूर आधी वहीत लिहायचा, मग टाइप करायचा. या वहीमुळे एक फायदा अनपेक्षितपणे पदरात पडला. ‘मला जुन्नरची भारी वेबसाइट बनवून दे’ हे कागदावर लिहिलं की लिहिणाऱ्यालाच जाणवायचं, की यात सांगितलं काहीच नाही.

पहिले काही रविवार एआय बंद होतं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये जगातली पहिली वेबसाइट लोकांसमोर आली. ते पहिलं पान आजही उघडून बघता येतं. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं आणि निळे दुवे, बस्स. मुलांना ते दाखवल्यावर एकाने विचारलं, “ताई, एवढंच? हे तर आपण पण करू.” मला हेच ऐकायचं होतं. नोटपॅड उघडून मथळा, परिच्छेद, दुवा आणि चित्र एवढ्या चार गोष्टींवर प्रत्येकाने आपल्या गावाचं पान हाताने टाइप केलं. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीही सामावणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, साठवली नाही की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, हेही तेव्हाच समजलं. ही कच्ची, बेरंग पानं मी जपून ठेवायला लावली. त्यांचं काम पुढे होतं.

मग एआय आलं. पहिल्या मिनिटाला वर्गात जो आवाज झाला तो मी समजू शकते, कारण पडद्यावर खरोखरच देखणं पान उभं राहिलं होतं. वर जांभळ्याकडून निळ्याकडे जाणारा रंग, मध्ये मोठं शीर्षक, खाली ओळीने तीन चौकटी, प्रत्येकीवर एक इमोजी. दुसऱ्या जोडीने ओझरचं पान मागितलं. पुन्हा जांभळा-निळा, पुन्हा तीन चौकटी. तिसऱ्या जोडीला आळेफाट्याच्या बाजाराचं पान हवं होतं. त्यालाही तेच कपडे चढले. मजकूर काढून टाकला असता तर कुठलं पान कुणाचं, हे ओळखता आलं नसतं. मी काही बोलण्याआधीच एक मुलगी म्हणाली, “आमच्या गावात जांभळं काहीच नाही.” त्यावर रंगांवरचा त्या दिवसाचा धडा आपोआप सुरू झाला. कांद्याच्या चाळीचा रंग, शिवनेरीच्या कातळाचा रंग, पावसाळ्यातल्या नाणेघाटाचा हिरवा. मुलांनी मोबाइलवरच्या फोटोंमधून रंग उचलले आणि एआयला नेमके रंग सांगितले. पान लगेच वेगळं दिसू लागलं.

देवनागरीच्या बाबतीत मुलं यंत्रापेक्षा हुशार ठरली, आणि हे प्रत्येक मराठी शिक्षकाने वर्गात वापरून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. एआयने दिलेल्या रचनेत शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सूचना होती, लेटर-स्पेसिंग. रोमन अक्षरांना ती शोभते. मराठीत तिने शिरोरेघ तोडली. ‘शिवनेरी’ची अक्षरं सुटी सुटी उभी राहिली. ओळींमधलं अंतर इतकं कमी ठेवलेलं, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडत होते. सगळी अक्षरं कॅपिटल करायची सूचनाही होती, जिला देवनागरीत काही अर्थच नाही. आठवीतल्या मुलांना हे बघताक्षणी खटकलं, कारण फळ्यावर रेघ नीट ओढायची शिकवण पहिलीपासूनची. मग त्यांनीच सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, ती ओळ शोधली, अक्षरांमधलं अंतर शून्य केलं, लाइन-हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, वाढवली. सीएसएसचा माझा सगळ्यात चांगला जमलेला तास हाच.

त्याच पानाच्या अगदी वरच्या ओळीत भाषा इंग्रजी असल्याचं लिहिलेलं होतं. तिथे मराठीची खूण, म्हणजे एमआर, टाकायला लावलं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर दृष्टिहीन माणसाला ते पान कोणत्या भाषेत वाचून दाखवायचं, हे या खुणेवरून ठरवतं. शिवाय काही फॉन्ट ही खूण बघून ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दाखवतात. मुलांनी खूण काढून आणि घालून दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि फरक शोधला. इतक्या बारीक गोष्टीसाठी मुलं पडद्याला नाक लावून बसली होती, हे दृश्य बघायला मला फार आवडलं.

मोडून दाखवलेलं पान

वर्गात एक दहावीचा मुलगा होता. एआयकडून काम करून घेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. लेण्याद्रीचं त्याचं पान सगळ्यांत पुढे होतं: फोटोंची सरकती पट्टी, नकाशा, मंदिरात जायच्या वाटेची माहिती. त्याने यूट्यूबवर ‘व्हाइब कोडिंग’, म्हणजे कोड न वाचता एआयकडून काम करून घेणं, हा शब्द ऐकला होता आणि आता कोड वाचायची गरज उरलेली नाही असं त्याचं ठाम मत होतं. एआय संशोधक आंद्रेय कार्पथी यांनी हा शब्द फेब्रुवारी २०२५ मध्ये वापरला, आणि तेव्हाच शनिवार-रविवारच्या, नंतर टाकून द्यायच्या कामांना हे चालतं, असंही त्यांनी म्हटलं होतं, हे मी त्याला सांगितलं. आपलं पान टाकून द्यायचं नाही, ते टिकवायचं आहे.

पण सांगून पटत नाही, करून पटतं. मी सगळ्यांच्या पानांच्या प्रती घेतल्या, प्रत्येकीतून एकेक गोष्ट काढली आणि परत दिल्या. कुठे डिव्ह, म्हणजे पानातली एक चौकट, बंद करणारी खूण, कुठे एक अर्धविराम, कुठे फोटोच्या नावातलं एक अक्षर. ज्यांनी पहिले रविवार मन लावून हाताने टाइप केलं होतं, त्यांनी ओळीमागून ओळ बघत चूक पकडली. लेण्याद्रीच्या पानाचा मालक मात्र अडला. मी एआय वापरायला मोकळीक दिली. त्याने सगळं पान चिकटवून ‘दुरुस्त कर’ म्हटलं. पान दुरुस्त झालं, पण ते नव्याने लिहिताना एआयने त्याच्या आजीने सांगितलेली चतुर्थीच्या गर्दीची हकिकत गाळून टाकली आणि तिथे दोन गुळगुळीत वाक्यं घातली. त्याला ते कळलं नाही. शेजारी बसलेल्या मुलीला कळलं, कारण ती हकिकत तिला आवडली होती.

त्यानंतर आम्ही विचारायची पद्धत बदलली आणि हा बदल पुढे फार उपयोगी पडला. ‘दुरुस्त कर’ म्हणायचं नाही. ‘काही बदलू नकोस, चूक कोणत्या ओळीत आहे आणि का आहे, एवढंच सांग’ असं म्हणायचं. दुरुस्ती आपल्या हाताने करायची. प्रत्येक बदलाआधी तारीख घालून प्रत ठेवायची. आणि आठवड्याला एकदा ज्याने त्याने आपल्या पानातली मी बोट ठेवीन ती ओळ समजावून सांगायची. ‘हे एआयने दिलंय’ हे उत्तर चालत नव्हतं. समजली नाही तर ओळ काढून टाकायची आणि पान तिच्यावाचून चालतं का ते बघायचं. बऱ्याचदा चालायचं. लेण्याद्रीच्या पानाचा मालक या खेळात पुढे सगळ्यांत पटाईत झाला. त्याने निम्म्याहून जास्त कोड स्वतःच छाटला आणि ती सरकती पट्टीही काढली, कारण ती कशी चालते हे त्याला सांगता येईना.

नंबर

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग बिबट्याच्या पानाचा आहे.

जुन्नर परिसरातला बिबट्या आता उसाचा झाला आहे. उसात मादी पिल्लं घालते, तोडणीच्या वेळी ती पिल्लं मजुरांना सापडतात, वनखातं त्यांची आईशी पुन्हा गाठ घालून देतं. शेतीची वीज रात्रपाळीला असली की माणसाला अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावंच लागतं. नववीतला एक मुलगा अशाच उसातल्या वस्तीवर राहतो. त्याला आलेल्या पर्यटकांसाठी आणि वस्तीवरच्या लोकांसाठीही काळजी घेण्याचं पान करायचं होतं. विषय त्याचा स्वतःचा, तळमळ खरी.

एआयने बांधून दिलेल्या त्याच्या पानावर सल्ला होता: जंगलात एकटे फिरू नका, तंबूजवळ अन्न ठेवू नका. खाली ठळक लाल बटण होतं, ‘तातडीची मदत’, आणि त्यावर दहा आकडी मोबाइल नंबर. पान इतकं व्यवस्थित दिसत होतं की बघणाऱ्याला शंका यावी असं काहीच नव्हतं.

आमच्याकडे प्रत्येक पानाबरोबर एक कागद असायचा. डावीकडे पानावरची प्रत्येक माहिती, उजवीकडे ती कुणी सांगितली किंवा कुठे बघितली. पान जगापुढे जाण्याआधी दोन मुलांनी तिसऱ्याचा कागद तपासायचा. या पानाच्या कागदावर नंबरासमोरची जागा कोरी होती. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, “हा नंबर कुणाचा?” त्याने सांगितलं, वनखात्याचा असेल. तिने तिथल्या तिथे फोन लावायला लावला. पलीकडून जे गृहस्थ बोलले त्यांचा वनखात्याशी काहीही संबंध नव्हता.

मुलगा पांढराफटक पडला. रात्री कुणी घाबरून हे बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याच्या वस्तीवरच्या माणसांनीच ते दाबलं असतं.

त्या रविवारी ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही यावरच बोललो. एआयने नंबर कुठून आणला? कुठूनच नाही. आतापर्यंत वाचलेल्या अफाट मजकुराच्या वळणावरून पुढे काय येणं साजेसं आहे, ते हे यंत्र मांडत जातं. मदतीच्या पानावर बटण असतं, बटणावर नंबर असतो, म्हणून नंबर आला. त्याला खरं-खोटं ठरवण्याची वेगळी पायरी त्या वेळी नव्हती, आणि न विचारता जागा कोरी सोडण्याचा त्याचा स्वभाव नाही. मुलांनी लगेच आपापल्या पानांवर असलं आणखी काय आहे ते शोधायला घेतलं. न झालेल्या पर्यटकांच्या प्रतिक्रिया सापडल्या, नावानिशी. ‘हजारो समाधानी पाहुणे’ सापडले. कुठल्याच पत्त्यावर नसलेल्या फोटोंचे दुवे सापडले. सगळं पुसलं.

त्या मुलाने पुढे वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारलं, वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आणि तिथला कार्यालयाचा नंबर घेतला, दोन्ही लावून बघितले आणि मगच बटणावर घातले. सल्ल्याचा मजकूरही त्याने मुळापासून बदलला. दिवस मावळल्यावर लहान पोरांना एकटं अंगणात सोडू नका. दारं धरायला जाताना दोघं जा, बॅटरी घ्या, मोबाइलवर गाणी लावा. शेतात फार वेळ वाकून किंवा उकिडवं बसून काम करू नका, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. उसात पिल्लू दिसलं तर हात लावू नका, फोन करा. यातलं बरंचसं त्याला घरीच माहीत होतं. आपल्याला माहीत असलेलं लिहिण्याच्या लायकीचं आहे, हे त्याला आधी वाटत नव्हतं.

तपासणीतून एक गोष्ट सगळ्या वर्गाला दिसली. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीबद्दल एआयने दिलेले आकडे, ३० अँटेना आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, बरोबर निघाले. त्या दुर्बिणीबद्दल जगभर लिहिलं गेलं आहे. नाणेघाटाबद्दल निम्मं बरोबर होतं: सातवाहन, राणी नागनिका, व्यापाराचा रस्ता, हे ठीक, पण शिलालेख संस्कृतात असल्याचं म्हटलं होतं. तो ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे, हे इतिहासाच्या सरांना विचारून मुलांनी दुरुस्त केलं. आणि जे फक्त तालुक्यातल्या माणसांनाच ठाऊक आहे, तिथे एआयने सरळ रचून सांगितलं. ज्या विषयावर आधी लिहिलेलं कमी, तिथे त्याच्यावर विसंबणं धोक्याचं. म्हणजे आमच्या मुलांना ज्या विषयांवर लिहायचं होतं, नेमके तेच.

नारायणगावच्या राहुट्यांचं पान याचं ठसठशीत उदाहरण. एआयने लावणीवर चार परिच्छेद दिले, घुंगरू, नऊवारी, ढोलकी. यातलं काही खोटं नव्हतं, पण नारायणगाव त्यात नव्हतंच. पान करणाऱ्या मुलीने ते सगळं काढलं आणि ती आपल्या चुलत आजोबांसमोर वही घेऊन बसली. ते कितीतरी वर्षं गावच्या यात्रा कमिटीत होते. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावचे पंच नारायणगावला येतात, फडमालकांच्या राहुट्या हिंडतात, फड बघून सुपारी ठरवतात. एकाच तिथीला अनेक गावांच्या जत्रा आल्या की त्या तिथीचा भाव चढतो, हे त्यांनी तिला समजावलं. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमाने रात्र कशी सरकते तेही सांगितलं. विठाबाई नारायणगावकरांचा खेळ त्यांनी बघितला होता, त्यावर ते थांबेचनात. मुलीच्या आईला तमाशाच्या विषयाशी लेकीचं नाव जोडलं जाण्याची चिंता होती. वेबसाइटवर कुठल्याच मुलाचं नाव किंवा चेहरा जाणार नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं, ते सांगितल्यावर त्या तयार झाल्या. आता त्या स्वतः शेजारणींना ते पान दाखवतात.

एआयला या पानात काम नव्हतं असं नाही. आजोबांचं बोलणं सलग वाचता येईल अशी रचना कशी करावी, मोठ्या वयाच्या माणसांना वाचता येईल एवढं अक्षर किती मोठं हवं, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक आहे का, हे तिने त्यालाच विचारलं आणि उत्तरं चांगली मिळाली. घाटात नेटवर्क क्षीण असतं, त्यामुळे मोबाइलवर काढलेले चारपाच एमबीचे फोटो जसेच्या तसे लावले की पान उघडतच नाही. ते लहान कसे करायचे आणि खाली सरकल्यावरच उघडतील असे कसे लावायचे, हेही एआयनेच समजावलं, माझ्यापेक्षा जास्त धीराने. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारायला मुलांना त्याच्यापुढे संकोच वाटत नाही. लाजऱ्या मुलांना याचा केवढा आधार आहे, ते मी डोळ्यांनी बघितलं.

पालकांचा प्रश्न ठरलेला असायचा: यंत्रच सगळं करणार असेल तर पोरांनी शिकायचं कशाला? मी वाद घालत नसे. सुरुवातीचं हाताने टाइप केलेलं पान, एआयने दिलेलं पहिलं पान आणि आजचं पान, अशी तीन पानं त्यांच्या मुलाला शेजारी शेजारी उघडायला सांगायची आणि त्यालाच फरक समजावू द्यायचा. बिबट्याच्या पानाच्या वेळी त्या मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि वस्तीवरच्या ग्रुपवर दुवा पाठवून दिला.

वेबसाइट आता चालू आहे, गिटहब या कोड ठेवायच्या सेवेच्या फुकट जागेवर, साध्या एचटीएमएल (पानाची मांडणी लिहायची भाषा) आणि सीएसएसवर. पुढच्या तुकडीसाठी दोन गोष्टी ठरल्या आहेत. माहितीचा तो कागद एआय सुरू होण्याआधीच, हाताने लिहिलेल्या पानापासूनच भरायचा. आणि तपासणी करणाऱ्या जोडीत एक मूल नेहमी त्या विषयाच्या गावाबाहेरचं असेल, कारण ओळखीच्या गोष्टीवर शंका घेणं जड जातं. हेल्पलाइनचे नंबर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लावून बघायचे, हे काम बिबट्याच्या पानाच्या मालकाने स्वतःकडे मागून घेतलं आहे. शिवनेरीच्या सात दरवाजांचं पान अजून अपुरं आहे. मुलांनी फोटो काढून आणलेत, पण दोन दरवाजांच्या नावांवर गावातल्या जाणत्यांचं एकमत झालेलं नाही, तोवर त्या दोन फोटोंखालची जागा मुलांनी कोरी ठेवली आहे.